पक्षाघातानंतर वडिलांना ऑर्लँडोच्या पार्कात नेताना: राइड मोजू नका, उठबस मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका ताईंचे वडील 67 वर्षांचे. चार वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू कमजोर झाली. घरात चार पायांची काठी धरून 20-25 पावलं चालतात, बाहेर मात्र व्हीलचेअर लागते. डिसेंबरात सगळे अटलांटाला भावाकडे जाणार आहेत आणि तिथून 5 आणि 9 वर्षांच्या नातवंडांना घेऊन गाडीने ऑर्लँडोला, डिस्नी वर्ल्ड पाहायला. ताई विचारतात: व्हीलचेअर असली की रांग चुकते का? खुर्ची इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? बाबांना कशाकशात बसता येईल? आणि अगदी शेवटी एक ओळ आहे: "बाबा म्हणतात, तुम्ही जाऊन या, माझ्यामुळे पोरांचा दिवस वाया जायला नको."

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पुण्यात 19 वर्षं काम करतेय आणि माझे बहुतेक पेशंट पक्षाघाताचेच असतात. माझ्या आईची उजवी बाजू गेलेली आहे आणि तिला घेऊन मी दोनदा ऑर्लँडोला जाऊन आले आहे. त्यामुळे तुमच्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं देतेच, पण खरा प्रश्न मला चौथा वाटतो. बाबांना भीती पार्काची नाही. चार लोकांसमोर आपल्याला उचलावं लागेल, रांग आपल्यामुळे थांबेल, नातवंडं ताटकळतील, ही ती भीती आहे. "काही होत नाही हो बाबा" म्हणून ती जात नाही. तिथे नेमकं काय घडणार आहे हे त्यांना आधी कळलं आणि त्यांनी त्याचा सराव केला, तर ती बरीच कमी होते. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी बाबांना तपासलेलं नाही. त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना चार गोष्टी नेमक्या विचारा: फिट येण्याची शक्यता आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, हृदयाचे ठोके अनियमित आहेत का आणि मान किंवा मानेतल्या रक्तवाहिन्यांचा काही त्रास आहे का. "फिरायला नेलं तर चालेल का?" असं मोघम विचारलंत, तर उत्तरही मोघमच मिळेल. "जोरात हिसके बसणाऱ्या राइडमध्ये बसवू का? चमकणारे दिवे असलेल्या अंधाऱ्या खोलीत नेऊ का?" असं विचारा. माझ्यापुरतं बोलायचं तर पक्षाघाताच्या पेशंटला मी रोलर कोस्टरमध्ये बसू देत नाही, कितीही ठणठणीत वाटला तरी. मानेला बसणारा हिसका आणि कमजोर खांदा, एवढी दोन कारणं मला पुरतात. डावीकडचं दिसत नाही किंवा तिकडे लक्षच जात नाही असं काही आहे का, हेही विचारून घ्या. ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच राहते का? राहत असेल तर तिथे बाबांना कुठे बसवायचं हे त्यावर ठरेल.

आता रांगेचं. "व्हीलचेअर घ्या, थेट आत सोडतात" हा सल्ला तुम्हाला दहा नातेवाईक देतील, पण तो जुना आहे. 2013 पर्यंत डिस्नीत मदतीचं एक कार्ड मिळायचं. त्याचा इतका गैरवापर झाला की रांग चुकवायला काही लोक व्हीलचेअरवरच्या माणसालाच पैसे देऊन सोबत नेत असल्याच्या बातम्या आल्या. त्या वर्षी ऑक्टोबरात ते कार्ड बंद झालं आणि 'डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस' नावाची नवी पद्धत आली. 2024 मध्ये तिचे निकषही कडक झाले. आता ती मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना लांब रांगेत थांबणं शक्य नाही त्यांच्यासाठी आहे. नुसतं चालता येत नाही म्हणून ती मिळत नाही. तिची मुलाखत व्हिडिओ कॉलवर घेतात. तिथे काही वाढवून सांगायचा मोह कुणाला झाला तर त्याला थांबवा. खोटी माहिती दिल्याचं लक्षात आलं तर पार्कात कायमची बंदी घालतात.

मग बाबांचं काय? तिथल्या बहुतेक रांगांमधून व्हीलचेअर सगळ्यांबरोबरच जाते. वळणं रुंद आहेत आणि पायऱ्यांऐवजी उतार आहेत. जिथे जुनी, अरुंद रांग आहे तिथे कर्मचारी तेव्हाच्या रांगेइतकी पुढची वेळ देतात, त्या वेळी दुसऱ्या दारातून आत घेतात. म्हणजे थांबावं सगळ्यांइतकंच लागतं, फक्त ते बाहेर सावलीत थांबता येतं. खुर्ची घेऊन रांगेत उभं राहायला कुठलाही दाखला लागत नाही, आपल्याकडचं यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, तिथे कुणी मागत नाही. बाबांना लघवीची घाई होत असेल, आणि पक्षाघातानंतर ती बऱ्याच जणांना होते, तर रांगेच्या तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला ते आधीच सांगून ठेवा. मधूनच बाहेर पडून पुन्हा आपल्या माणसांत येण्याची सोय असते. रांग खरोखरच कमी करायची असेल तर पैसे भरून मिळणारा 'लाइटनिंग लेन' पास आहे. तो सगळ्यांसाठी आहे आणि महाग आहे. माझं मत विचाराल तर पार्काचे दोन दिवस धरून त्यांतल्या एका दिवसापुरता घ्या.

आता माझ्या कामाच्या मुद्द्यावर येते.

लोक पार्काचं नियोजन राइडच्या यादीवरून करतात. मी माझ्या पेशंटना उठबस मोजायला सांगते. खुर्चीतून उठून दुसऱ्या जागी बसणं ही एक उठबस, याला आम्ही ट्रान्सफर म्हणतो. कमजोर बाजू असलेल्या माणसाची दिवसभराची ताकद चालण्यात जात नाही, या उठबशीत जाते. हिशेब मांडून बघा. हॉटेलहून गाडीत बसणं, पार्काशी उतरणं, संध्याकाळी परत तसंच: झाल्या 4. दिवसातून चार-पाच वेळा टॉयलेट, प्रत्येक वेळी जाताना एक आणि येताना एक: झाल्या 8 ते 10. म्हणजे एकाही राइडमध्ये न बसता बाबांच्या 12 ते 14 उठबशी संपल्या. आता घरी मोजा की संध्याकाळपर्यंत बाबा किती वेळा नीट उठतात, आणि कितव्या वेळेला डावा गुडघा थरथरायला लागतो. समजा 19 व्या वेळी थरथरतो, म्हणजे 18 नीट होतात. मग राइडसाठी हातात राहिल्या चार, म्हणजे दोन राइड. एक बसताना, एक उतरताना.

हे मी स्वतः चूक करून शिकले. आईच्या पहिल्या खेपेला मी सकाळीच तीन राइडमध्ये तिला चढवलं-उतरवलं. तीही उत्साहात होती. दुपारी दोनला टॉयलेटमध्ये ती उठेना. पाय जड नव्हता, दुखतही नव्हता, पायाने नुसतं ऐकणं बंद केलं होतं. मी आणि माझ्या बहिणीने तिला कसंबसं खुर्चीत घेतलं आणि दिवस तिथेच संपला. रोज हेच काम करणारी मी, आणि आईच्या बाबतीत हिशेब करायला विसरले.

तुमच्या बाबांची डावी बाजू कमजोर आहे, म्हणून बाजूचं गणित नीट समजून घ्या. खुर्ची राइडच्या डब्याला समांतर लावली आणि डबा त्यांच्या उजव्या हाताला आला, तर बसणं सोपं जातं. उजवा हात पुढे जातो, उजव्या पायावर भार येतो, पार्श्वभाग वळतो आणि बसतात. पण उतरताना खुर्ची त्याच बाजूला उभी असेल तर ती आता त्यांच्या डाव्या हाताला आली! बसताना एका माणसाने भागलं, पण उतरताना दोघं लागतील. काही राइडमध्ये एका बाजूने चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं असतं. तिथे दोन्ही वेळा उजवी बाजू मिळू शकते. म्हणून फलाटावर पोचलात की पहिला प्रश्न विचारा, "उतरायचं कोणत्या बाजूने?" चढणं-उतरणं एकाच बाजूने असेल तर सोबतच्या माणसाने आधी आत जाऊन बसायचं. बाबांनी शेवटी चढायचं आणि सगळ्यांत आधी उतरायचं, म्हणजे बाकावर सरकावं लागत नाही.

आणि एक विनंती. कुणीही, अगदी प्रेमानेसुद्धा, त्यांचा डावा हात धरून ओढायचा नाही. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात आणि सांध्याला नीट धरून ठेवत नाहीत. माझ्याकडे एक काका येत होते. एका सहलीत जावयाने बोटीतून उतरवताना त्यांचा तो हात धरून "चला बाबा" म्हणून उचललं. ओढ सेकंदभराचीच, पण पुढचे पाच महिने काकांना त्या कुशीवर झोपता आलं नाही. त्यापेक्षा कमरेला बांधायचा ट्रान्सफर बेल्ट घ्या. फिजिओच्या दुकानात मिळतो, रुंद असतो आणि त्याला मुठी असतात. बाबांच्या शर्टावरून सकाळी बांधून टाका आणि दिवसभर राहू द्या. धरायचं असेल तर तो धरायचा. हे तुमच्या भावाला आणि वहिनीला आत्ताच व्हिडिओ कॉलवर दाखवा. डिस्नीचे कर्मचारी खूप मदत करतात, पण पाहुण्याला उचलण्याची किंवा उठवून बसवण्याची त्यांना परवानगी नाही. ते काम घरच्यांनाच करायचं आहे.

बाबांना कशाकशात बसता येईल याचं उत्तर या उठबशीवरूनच निघतं. तिथे प्रत्येक राइडचा एक प्रकार ठरलेला आहे: खुर्चीतच बसून जाता येतं, खुर्चीतून डब्यात बसावं लागतं, किंवा स्वतः चालता यावं लागतं. चालता न येणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र मार्गदर्शिका असते, ती संकेतस्थळावर आहे आणि पार्कातल्या गेस्ट रिलेशन्स, म्हणजे पाहुण्यांच्या मदतीच्या खिडकीतही मिळते. ती आधी वाचा, यूट्यूब नंतर.

खुर्चीतच बसून जाता येणाऱ्या बऱ्याच आहेत आणि त्या कमी प्रतीच्या मुळीच नाहीत. डिस्नी वर्ल्डमध्ये चार वेगवेगळी पार्कं आहेत. त्यांतल्या मॅजिक किंगडममध्ये 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'ला खुर्चीसाठी वेगळी बोट असते. 'जंगल क्रूझ'च्या काही बोटींना खुर्ची उतरवणारी लिफ्ट असते. ती बोट येईपर्यंत थोडं जास्त थांबावं लागतं, पण बाबा बोटीत सगळ्यांबरोबर बसतात. हॉलिवूड स्टुडिओजमधल्या 'टॉय स्टोरी मेनिया'त खुर्चीसाठी उताराचा वेगळा डबा आहे. त्यात पडद्यावर नेम धरायचा असतो आणि उजवा हात चालत असला की झालं, नातवाशी स्पर्धा लावू शकतात. एपकॉटमध्ये 'लिव्हिंग विथ द लँड' नावाची संथ बोट काचघरातल्या शेतीतून जाते. शेतीची आवड असलेल्या नाशिकच्या माणसाला ती आवडेलच. ॲनिमल किंगडममधल्या 'किलिमांजारो सफारीज'च्या ट्रकमध्येही खुर्ची चढते. मात्र तो ट्रक मुद्दाम खडबडीत रस्त्याने नेतात, म्हणून बाबांच्या डाव्या कुशीला टॉवेलची घट्ट गुंडाळी लावा, नाहीतर दर खड्ड्याला ते तिकडे कलतील. शिवाय थिएटरमधले कार्यक्रम: 'मिकीज फिलहारमॅजिक', 'फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग'. यांत एकही उठबस खर्च होत नाही.

दुसऱ्या प्रकारात 'हॉन्टेड मॅन्शन', 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन', 'सोअरिन' अशा राइड येतात. यांतल्या जास्तीत जास्त दोन निवडा. 'हॉन्टेड मॅन्शन'मध्ये डबे सरकत्या पट्ट्याच्या बरोबरीने जात राहतात, पण सांगितलं की वेग कमी करतात किंवा थांबवतात. तसं सांगायला संकोचू नका. 'पायरेट्स'मध्ये बोटीत खाली पाय टाकून उतरावं लागतं आणि परत येताना तेवढंच वर यावं लागतं. मी आईला तिथे नेलं नाही.

तिसरा प्रकार फसवा आहे. मॅजिक किंगडममधला 'पीपलमूव्हर' ही तिथली सगळ्यांत शांत राइड. उंचावरून हळूहळू फिरवणारी छोटी गाडी, ना हिसका ना आवाज. आजी-आजोबांसाठी कुणीही तीच सुचवेल. पण तिथे चढायला तिरका सरकता पट्टा आहे, त्यामुळे चालता येणं बंधनकारक आहे. 'पीटर पॅन्स फ्लाइट'चंही तेच, तो सरकता पट्टा थांबवत नाहीत. तेव्हा राइड संथ आहे म्हणजे ती जमेल असं धरून चालू नका. चढायचं कसं आहे ते बघा.

आणखी एक गोष्ट लोक विचारतच नाहीत: राइड मध्येच बंद पडली तर? आईच्या एका खेपेला, पार्कचं नाव महत्त्वाचं नाही, आम्ही अंधारात 25 मिनिटं अडकलो. दिवे लागले. बाकीच्यांना कडेच्या अरुंद फळीवरून आणि लोखंडी जिन्याने बाहेर नेलं. आईला ते उतरणं शक्यच नव्हतं. आम्ही डब्यातच थांबलो, शेवटी राइड हळू चालवून आम्हाला फलाटावर आणलं. कुणी वाईट वागलं नाही, पण ती 25 मिनिटं आईचा हात माझ्या हातात घट्ट होता. तेव्हापासून मी डब्यात बसवण्याआधी विचारते, "मध्येच थांबली तर यांना कसं बाहेर काढता?" उत्तर पटलं नाही तर बसवत नाही. तुम्हीही विचारा, हा प्रश्न त्यांना नवा नसतो.

खुर्चीचं उत्तर सोपं आहे: घरचीच न्या. त्यांच्या मापाची आहे, गादी सवयीची आहे, आणि मुख्य म्हणजे बाजूचा हात काढता येणारी असेल तर सरकून बसणं निम्म्याने सोपं होतं. भाड्याच्या खुर्चीचा हात निघेलच असं नाही. तुमची खुर्ची जड, दवाखान्यातल्यासारखी असेल, तर जाण्याआधी हलकी घडीची घ्या. पुढेही कामाला येईल. तिथे बॅटरीवर चालणारी स्कूटरही भाड्याने मिळते, पण बाबांसाठी मी ती नाही म्हणेन. तिला दोन्ही हात लागतात, आणि डावीकडे लक्ष कमी जात असेल तर गर्दीत लहान मुलांच्या पायांवर जाईल. शिवाय बऱ्याच राइडना स्कूटरवरून साध्या खुर्चीत बसावं लागतं, म्हणजे आणखी एक उठबस.

विमानाचं बुकिंग करतानाच व्हीलचेअरचा योग्य कोड टाकून घ्या. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, फक्त लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत, पण विमानात सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही न्यावं लागतं. बाबा 20 पावलं चालतात, तेव्हा त्यांच्यासाठी मधला. बरेच एजंट सरसकट पहिला टाकतात आणि मग माणूस जिन्यापाशी अडकतो. खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरा आणि तिथेच परत मिळावी अशी चिठ्ठी लावून घ्या. गादी आणि पाय ठेवायच्या पट्ट्या काढून केबिनमध्ये न्या, आणि खुर्चीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. खुर्ची बॅटरीची असेल तर बॅटरीचे नियम एअरलाइनला आधी विचारा.

अटलांटा ते ऑर्लँडो साधारण 700 किलोमीटर, न थांबता साडेसहा-सात तास. दर दोन तासांनी थांबा, आणि कृपा करून दुसऱ्या दिवशी सकाळी पार्क गाठू नका. मधला एक दिवस हॉटेलवर काढा. नाताळ ते नवीन वर्ष हा तिथला सर्वांत गर्दीचा आठवडा. मुलांची शाळा दोन दिवस बुडवता आली तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा. गर्दीत तुमची अडचण खुर्चीला जागा मिळण्याची होणार नाही. खुर्चीच्या उंचीवर बसलेल्या माणसाला चहूबाजूंनी फक्त पाठी आणि पिशव्या दिसतात, त्याचा दिवस त्यात जातो.

डिसेंबरात ऑर्लँडोत दुपार छान असते, पण सकाळ बोचरी असू शकते. थंडीने डावा हात-पाय आखडतो, म्हणून मांडीवर शाल ठेवा. पाणी उडणाऱ्या राइड टाळा. पायाचा स्प्लिंट आणि मोजा ओला झाला तर दिवसभर ओलाच राहतो, शिवाय अचानक गार पाणी पडलं की स्नायू ताठरतात. मोठ्या आवाजानेही असंच होतं, तेव्हा आतिषबाजी थोडी लांबून पाहा. ती संपली की लगेच निघू नका. अर्धा-पाऊण तास बाकापाशी बसून राहा, लोंढा ओसरू द्या.

टॉयलेटबद्दल मोकळेपणाने लिहिते, कारण बाबा हे तुम्हाला विचारणार नाहीत. बरेच पेशंट बाहेर पडायच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. असं करू देऊ नका. सगळ्या पार्कांत कम्पॅनियन रेस्टरूम असतात. म्हणजे स्वतंत्र बंद खोली, जिथे घरातलं कुणीही बाबांसोबत आत जाऊ शकतं, कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. पार्कात शिरल्या शिरल्या नकाशावर त्यांची जागा गोल करून ठेवा. पट्टा आणि बटणाची पँट नको, इलॅस्टिकची न्या. फर्स्ट एड केंद्रात नर्स असते आणि फ्रीजमध्ये ठेवायची औषधं तिथे ठेवून घेतात.

मॅजिक किंगडमला जाताना गाडीतळापासून पार्कापर्यंत मोनोरेल किंवा फेरीबोट असते. मला फेरी बरी वाटते. सपाट आहे, खुर्ची ढकलत सरळ आत जाते आणि वाऱ्याला बसता येतं. एपकॉटमधला 11 देशांच्या दालनांचा तळ्याकाठचा फेरा साधारण दोन किलोमीटरचा आहे आणि त्यात चढउतार आहेत. ढकलणारे बदलत राहा. मुलांच्या मोठ्या राइडसाठी 'रायडर स्विच' असतं. एक मोठा माणूस बाबांपाशी थांबतो, दुसरा मुलाला घेऊन जातो, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही.

कुणी ऑर्लँडोतल्याच युनिव्हर्सल पार्कचंही सुचवेल. तिथे सवलतीसाठी आधी आयबीसीसीईएस या संस्थेकडे ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आणि राइड बहुतेक जोरकस आहेत. 'हॉगवॉर्ट्स एक्सप्रेस'ची आगगाडी खुर्चीसकट करता येते, पण एवढ्यासाठी बाबांचा एक दिवस मी घालवणार नाही. भाऊ टेक्सासला असता तर मी वेगळंच सांगितलं असतं. सॅन अँटोनियोला 2010 पासून 'मॉर्गन्स वंडरलँड' नावाचं पार्क आहे. गॉर्डन हार्टमन यांनी ते आपल्या मुलीला, मॉर्गनला डोळ्यांपुढे ठेवून उभं केलं. तिथे खुर्चीसकट पाळण्यात बसता येतं आणि अपंग व्यक्तीला तिकीट लागत नाही. 2017 मध्ये शेजारीच वॉटर पार्क सुरू झालं, तिथे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, पाण्यात नेता येणाऱ्या खुर्च्या आहेत. पुढे कधी तिकडे जाणं झालं तर नक्की जा.

आता नाशिकमध्ये करायचं काम. निघायला दोन महिने असतील तर रोज संध्याकाळी सराव करा. राइडचे डबे आपल्या खुर्चीपेक्षा खाली असतात. घरातला सर्वांत ठेंगणा सोफा किंवा भक्कम दिवाण घ्या, त्यावर खुर्चीतून बसायचं आणि परत यायचं, आधी उजवीकडून, मग डावीकडून. उठताना "नाक पुढे, बोटांच्या वर" एवढंच बाबांना सांगा. अंग पुढे झुकलं की पार्श्वभाग आपोआप उचलला जातो, मग ओढावं लागत नाही. आठवड्याने रिक्षा आणा. उभ्या रिक्षात चढायचं आणि उतरायचं, मागे एकाने बेल्ट धरायचा. पायरी आहे, बाक आडवं आहे, डोक्यावर छत आहे. राइडच्या डब्याची इतकी चांगली तालीम माझ्या पाहण्यात दुसरी नाही. रिक्षात एका माणसाच्या मदतीने सहज चढता-उतरता आलं तर दुसऱ्या प्रकारच्या दोन राइड बाबांना जमतील. नाही जमलं तरी पहिल्या प्रकारात दोन दिवस भरगच्च जातील.

दिवस असा ठरवा: सकाळी उघडताच पोचून एक उठबशीची राइड, कारण तेव्हा पायात दम असतो. मग खुर्चीतच बसून करायच्या दोन. जेवण साडेअकराला, गर्दीच्या आधी. दुपारी हॉटेलवर दोन तास आडवं व्हायचं. हे टाळू नका, फक्त या फेरीतल्या उठबशीही मोजणीत धरा. संध्याकाळी एक कार्यक्रम आणि दिवे.

आणि बाबांना सोबत यायचं की नाही, एवढंच विचारू नका. मार्गदर्शिका त्यांच्या हातात द्या आणि सांगा, "बाबा, उठबशीच्या दोन राइड तुम्ही निवडायच्या. बाकीचा दिवस पोरांनी ठरवायचा." माझ्या आईने तेव्हा बोलता येत नसूनही नकाशावर डाव्या हाताच्या बोटाने तीन वेळा एकाच जागी टकटक केलं होतं, जंगल क्रूझवर. तिला कशाची हौस असेल हे मला तोवर माहीत नव्हतं.

रिक्षाचा सराव झाला की एक छोटा व्हिडिओ काढा, बाबांच्या पायांच्या बाजूने, चढतानाचा आणि उतरतानाचा. डावा पाय कुठे ठेवतात ते दिसू द्या. तो तुमच्या फिजिओला दाखवा आणि पाऊल नेमकं कुठे हवं ते त्यांच्याकडून खुणेने फरशीवर आखून घ्या.